रातांधळी

पावणेचारला फाटकाशी
पेर्ला थांबते.
चारही पाय रोवून, मान आभाळात,
नाकपुड्यांत वारा गोळा करत.
समोर काय आहे?
शेणाची ढकलगाडी.
कालचीच, परवाचीच.
आज सकाळी तिलाच हिने अंग घासलं होतं.

सकाळी ही घोडी भलती शहाणी.
ट्रॅक्टर, पतंग, शाळेची पोरं,
कुंपणावर फडफडणारा प्लास्टिकचा कागद,
कशालाही बुजत नाही.
आसगर म्हणायचा, नाटकं.
दिवस कलला की हिला कामाचा कंटाळा येतो.
मीही तेच म्हणायचे,
लगाम जरा जास्तच ओढून.

इथे मॉर्स बेटावर आमची ठिपक्यांच्या घोड्यांची पागा.
पांढऱ्या अंगावर काळे ठिपके,
कुणी दौत झटकावी तसे.
मधूनच एखादं शिंगरू जवळजवळ कोरं जन्मतं:
कानामागे दोन ठिपके, ढोपरावर एक, बस.
आईनेही तेच दिलं, बापानेही तेच दिलं,
देणं दुप्पट झालं
आणि शाई उडून गेली.
अशा कोऱ्या घोडीला सोन्याचा भाव,
कारण तिच्या पोटचं प्रत्येक शिंगरू
ठिपके घेऊनच येतं.

फेब्रुवारीत इंगेलिसे डॉक्टर आली, पेटी घेऊन.
खिडकीला पोती लावली.
वीस मिनिटं आम्ही तिघी अंधारात,
कुणी बोललं नाही, पेर्ला तेवढी गवत चघळत होती.
मग डोळ्यावर एक काच, काचेला तार,
आणि लख्ख उजेडाचा एकच ठिणगा.
चांगल्या डोळ्याची रेघ, ती म्हणाली,
आधी बुडी मारते, मग उसळून वर येते.
पेर्लाची रेघ बुडाली.
आम्ही पाहत राहिलो.
वर आलीच नाही.

डोळा सुंदर आहे, डॉक्टर म्हणाली,
बाहेरून काही कळायचं नाही.
जन्माचंच आहे. वाढणार नाही, जाणारही नाही.
ठिपके ज्या ओळीत लिहिलेत
त्याच ओळीत हेही.

मला सिफ आठवली. हिची आजी.
तीही कोरी.
सांजवेळी खंदकापाशी उधळायची,
एका डिसेंबरात तिने बाबांची बरगडी मोडली.
खाण तशी माती, म्हणाले बाबा,
रक्तच भेकड.
आणि खाटकाची गाडी बोलावली.
तिची मुलगी मात्र ठेवली,
तिच्या शिंगरांना गिऱ्हाइकं होती.

गाडी आली ती काळोख पडल्यावर.
सिफ फळीवर चढेना.
चार माणसं लागली.
मी नऊ वर्षांची, बॅटरी धरायला उभी.
मी ती नेमकी तिच्या डोळ्यांत मारली.
वाटलं, आता दिसेल तिला.

गेल्या आठवड्यात हॅम्बुर्गहून एकाचा फोन:
पेर्लाला ठिपकेवाला घोडा लावा,
कोरं शिंगरू झालं तर दुप्पट देतो.
मी म्हटलं, साधा तांबडा लावते.
ठिपके सगळ्यांना येतील,
आणि रात्री सगळ्यांना दिसेल.
पण कोरं एकही नाही ना, तो म्हणाला.
नाही, म्हटलं.
फोन पुन्हा वाजला नाही.
आसगरने वही उघडली, आकडे मांडले,
काही न बोलता पान उलटलं.

तसं कुठल्याच घोड्याला
स्वतःच्या कपाळासमोरचं दिसत नाही,
शेपटीमागचंही नाही.
तेवढा अंधार प्रत्येकाच्या वाट्याला असतोच.
हिच्या वाट्याला आम्ही बाकीचा घातला,
पिढ्यान्‌पिढ्या, निवडून निवडून.

आता पावणेचारला मी तिच्या खांद्याशी चालते
आणि सांगत राहते.
ढकलगाडी. उजवीकडे.
आता पाणी, उथळ आहे.
आसगर येतोय, हातात बादली.
कान माझ्याकडे वळतो, मग एक पाऊल,
मग बराच वेळ काहीच नाही,
मग दुसरं.

कधी सांगायचं राहून जातं.
काल बादलीत माझाच पाय पडला,
आणि फाटकाशी
आम्ही दोघीही बुजलो.