शून्य मिलिमीटर

चांग नावाच्या या डोंगरी गावात
सकाळी धुकं दाराशी येऊन बसतं
आणि प्रयोगशाळेच्या काचा आतून घामेजतात.
मी बर्नर पेटवते, तारेचं कडं लाल करते,
मग निवू देते.
तापलेलं कडं घाईनं बुडवलं
तर जंतू पोळून मरतात
आणि श्रेय भलत्याच झाडाला जातं.

साल आणली ता झांगेनं, अळवाच्या पानात बांधून.
बाजारात त्याचा पाट आहे, कसायाच्या पलीकडे :
मुळ्या, खडे मीठ, वाळके सरडे.
झाडाचं नाव विचारलं तर म्हणाला,
"नाव झाडाच्या घरचं. तुला साल दिली ना?"
म्हणून वहीत ते
नमुना सत्तेचाळीस.

नऊ दिवस सावलीत वाळवली.
कुटली, चाळली, मेथेनॉलमध्ये भिजत घातली.
गाळून आटवल्यावर उरलं काय,
तर बाटलीच्या बुडाशी काकवीसारखं काळपट,
अख्ख्या पोत्याचं चमचाभर.
बोट लावून चाखावंसं वाटलं.
चाखलं नाही.

जिवाणू इस्पितळातून आले,
एका मोटारसायकलवाल्याच्या चिघळलेल्या घोट्यातून.
बुरशी माझ्याच घरून.
आर्मेलच्या डोक्यावरचं गजकर्ण मी बोथट पात्यानं खरवडलं,
खपल्या काळ्या कागदावर झेलल्या.
"मम्मा, हिलासुद्धा नंबर देणार?"
दिला. आ-एक.
प्राध्यापक चोफोंना सांगितलं, शाळेतल्या एका मुलाची.

आगरवर जंतू सारवले,
गाळणकागदाच्या टिकल्या ठेवल्या चिमट्यानं :
एक अर्काची, एक नुसत्या द्रावकाची,
एक दुकानातल्या औषधाची,
जी नेहमी जिंकते.
रात्री दोनला वीज गेली.
रखवालदार एतुंदीनं स्वतःच्या गाडीतलं पेट्रोल काढून
जनरेटरला पाजलं. सकाळी मला म्हणाला,
"तुमची पिल्लं उबेत आहेत."

औषधाभोवती स्वच्छ वर्तुळ, चोवीस मिलिमीटर,
पहाटेच्या अंगणासारखं.
द्रावकाभोवती काही नाही, नसायलाच हवं.
सत्तेचाळीसच्या टिकलीला
जंतू गाल लावून वाढलेले.
बुरशीला आठवडा लागला.
तीही आली, पांढरी, लोकरीसारखी,
टिकलीवरून चालत पलीकडे गेली.

तीनदा केलं.
पट्टी तिन्ही वेळा टेकवली,
जिथं मोजायला काही नव्हतं तिथंही.
"शून्य हा आकडाच आहे," चोफो म्हणाले, "पेनानं लिही."

बाजारात गेले तेव्हा ता झांगे सरड्यांवरची धूळ झटकत होता.
वाटेत वाक्यं जुळवली होती, सगळी विस्कटली.
"तुमच्या सालीनं काहीच मरत नाही," एवढंच निघालं तोंडातून.
त्यानं हातातला सरडा खाली ठेवला.
"मरायला? मारायचं कुणी सांगितलं तुला?
खाज निवते तिनं. पोर रात्री झोपतं.
झोपलेलं पोर नखं लावत नाही.
पुढचं चामडी बघून घेते,
नाहीतर मी दवाखान्यात पाठवतो."
आणि मग, जरा दुखावून :
"विचारायचंस ना."

परत येताना चढावर थांबले.
माझ्याकडे बशा आहेत सहाशे,
खाज मोजायची एकही नाही.
झोप कुठल्या आगरवर वाढवतात?
आणि समजा, निवतही नसेल खाज,
म्हाताऱ्यालाच तसं वाटत असेल चाळीस वर्षं,
तर तेही कुणी कशावर तपासायचं?

वहीत सत्तेचाळीससमोर शून्य. पेनानं.
शेरा लिहायच्या रकान्यात खूप वेळ निब टेकवून ठेवलं,
तिथं शाईचा एक ठिपका पसरला,
गोल.

घरी आर्मेलला दवाखान्यातली गोळी दिली, दुधासोबत.
साल लावली नाही.
तो झोपल्यावर पट्टी काढली पिशवीतून,
तीच, प्रयोगशाळेची, स्पिरिटनं पुसून,
आणि त्याच्या डोक्यावरचं कडं मोजलं :
सव्वीस मिलिमीटर.
झोपेतच त्याचा हात वर आला
आणि खाजवू लागला.
मी तो धरला.
धरून बसले.