तळघरातले कप

शनिवारी नातवाला सिनेमाला नेलं.
चाळीस मैल, रस्ताभर बर्फाची बारीक भुकटी,
नॉर्थ डकोटाचं ते सपाट आभाळ,
आणि मागच्या सीटवर सोरेन,
गळ्यात टॉवेल बांधून.

पडद्यावर एकानं पूल उचलला,
बसगाड्यांसकट, अलगद,
याची आजी केकवरचं झाकण उचलते तसा.
सोरेननं माझा हात घट्ट धरला.
खोटं कशाला बोलू, मीही त्याचा धरला.
एकसष्टाव्या वर्षीही बरं वाटतं,
कुणीतरी येतोय, वरून, वेळेवर.

फक्त त्या गर्दीकडे माझं लक्ष जात राहिलं.
तिला एकही वाक्य नव्हतं.
पळायचं, थांबायचं, वर बघायचं.
शेवटी ढिगारा तसाच;
झाडू घेऊन कोण आलं ते दाखवत नाहीत.
बावीस वर्षं चर्चचं तळघर झाडतो मी,
म्हणून असेल, मला तेवढंच बघायचं होतं.

परतताना सोरेननं विचारलं,
"आजोबा, येशूला उडता येत होतं?"
मी वायपरचा वेग वाढवला, उगाच.
म्हटलं, एकदा त्याला देवळाच्या टोकावर उभं केलं होतं.
चाळीस दिवसांचा उपाशी.
खाली अंगणात माणसंच माणसं असणार.
मार उडी, म्हणाला कुणीतरी, देवदूत झेलतील,
लोक बघतील, पुढचं सगळं सोपं.
"मग?"
मग तो जिन्यानं खाली आला.
(शास्त्रात जिना नाही. जिना माझा.)
"म्हणजे येतच नसेल," सोरेन म्हणाला
आणि झोपी गेला.

पुढचे पंचवीस मैल मी आणि गाडीचा हीटर.
आणि नको असताना, आर्डिस.

नदी चढली त्या एप्रिलात
आर्डिस शेलस्टाड आमची महापौर होती.
पहाटे तीनला शाळेच्या मैदानात
फावड्यानं पोत्यांत वाळू भरत होती,
नाक लाल, हातमोजा एकच.
भाषण असं काही नाही. "पोत्याचं तोंड धर," एवढंच.
मी धरलं.
गाव वाचलं, तीन तळघरं सोडून.
त्यातलं एक माझं.

पुढच्या निवडणुकीला तो आला.
लांब कोट, आवाज असा की कबुतरं उडावीत.
नदीला मी बघून घेतो, म्हणाला. मी एकटा.
आणि आमच्याच चर्चच्या तळघरात,
पुठ्ठ्याच्या आडोशामागे,
वर वेदी, खाली मी,
ओल्या भिंतींचा राग मनात धरून
त्याच्या नावापुढचा गोल काळा केला.
आर्डिस एकतीस मतांनी पडली.
एकतीस. बाकांवरून माणसं मोजली आहेत मी,
प्रार्थना चालू असताना.

मला कुणी फसवलं असं म्हणता येत नाही.
मला राजा हवा होता.
त्या जुन्या लोकांनी म्हाताऱ्या संदेष्ट्याकडे मागितला
तसाच, शेजाऱ्यांकडे असतो तसा,
सगळ्यांहून खांदाभर उंच.
रविवारी खिळ्यांचे व्रण आठवून रडायचं
आणि मंगळवारी कोट शोधत फिरायचं.

तो वाईट माणूस नाही, हेही लिहायला हवं.
नदीकाठी गेला, फोटो काढले, परत आला.
नदी आपली नदी.

मतमोजणी झाली त्या रात्री
खुर्च्या घडी करायला खाली गेलो, तर
सिंकपाशी आर्डिस. बाह्या वर.
अधिकाऱ्यांचे, आमचे, त्याच्या माणसांचे,
सगळे कॉफीचे कप विसळत होती.
"फडकं तिथे आहे," म्हणाली, मागे न बघता.

मी घेतलं. पुसत राहिलो.
सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही.
एका कपाच्या काठाला लिपस्टिकचा डाग होता,
तो तिनं अंगठ्यानं पुन्हा घासला.

घर आलं. सोरेनला उचललं;
जड झालाय, पूर्वीसारखा पेलत नाही.
त्याला अंथरुणात टाकून परत आलो
तर टॉवेल पायरीवर पडलेला.
वाकून घेतला.
आणि थोडा वेळ, का कोण जाणे,
खांद्यावर न टाकता
कमरेला बांधून पाहिला.