घट

सहा दिवस मी कुपवाडच्या वजनकाट्यावर बसते.
ट्रक येतो भरलेला, ट्रक येतो रिकामा,
मधला फरक मी पावतीवर लिहिते.
रविवारी लोखंड ठोकायला शिकते.

पहिल्यांदा सांगलीतून कोरा गज आणला,
तेल लावलेला, पक्क्या बिलासकट. साडेचारशे रुपये.
शेवंताबाई सोळंकींनी तो हातात घेतला,
उलटासुलटा केला, परत दिला.
"अक्षरं गिरवायला
चांदीची पेन्सिल कोण घेतं गं?"
आणि म्हणाल्या, मिरजेला जा, दस्तगीरकडे.
ओढणी घालून जाऊ नकोस, अडकते.

दस्तगीर मुजावरचं भंगार रुळांच्या पलीकडे.
उसाच्या ट्रॉल्यांचे आस,
झिजलेल्या दातांची चरकाची चाकं,
हळद पॉलिश करायच्या ढोलाचा पत्रा,
गंजला तरी आतून पिवळाच.
कोपऱ्यात ट्रकखालचे पाटे,
पाठ वाकलेले, एकाला एक टेकलेले,
दुपारच्या हमालांसारखे.

सळई सगळ्यात स्वस्त होती. मी तीच उचलली.
"तापते, वाकते, म्हणाल ते ऐकते," तो म्हणाला,
"धार मात्र धरणार नाही."
चकचकीत पाईपवर तर त्यानं पायच ठेवला.
"जस्त आहे वरून. भट्टीत घालाल,
पांढरा धूर निघेल, रात्रभर हुडहुडी.
माझा मेहुणा तीन दिवस अंथरुणात होता."
गिऱ्हाइकाला माल घेऊ नका म्हणणारा माणूस
मी काट्यावर आजवर पाहिला नव्हता.

मग त्यानं ग्राइंडर लावला.
सळईच्या ठिणग्या लांब, सरळ,
खराट्याच्या हिरांसारख्या.
पाट्याच्या आखूड, आणि टोकाला फुटणाऱ्या,
शेपूला तुरा येतो तशा.
"जी फुटते तिच्यात कस."
मी ते वाक्य उगाचच पाठ केलं.

पासष्ट रुपये किलो. एक किलो सातशे चाळीस.
एकशे तेरा रुपये दहा पैसे,
दहा पैसे त्यानं सोडले.

तीन रविवार गेले त्याचा कोयता करण्यात.
बाईंचा घण, माझी हातोडी, नातू पंख्यापाशी.
बाई तापमान वगैरे काही म्हणत नाहीत.
"चुंबकानं ओळख सोडली, की अजून दोन श्वास,
मग बुडव."
तेल शेंगदाण्याचं. गल्लीभर भज्यांचा वास सुटला,
शेजारीण विचारून गेली, कोण पाहुणे आलेत.

आणि तेलात, अगदी हळू,
टिंग.

दोन तुकडे.
तुटलेल्या तोंडावर राखाडी कणी,
आणि एका कडेला काळी रेघ. जुनी.
कुठल्यातरी घाटात, कुठल्यातरी खड्ड्यात पडलेली,
नंतर किती वर्षं ओझं वाहत राहिलेली,
कुणाला न दिसता.
"घ्यायच्या आधी वाजवून बघायचं," बाई म्हणाल्या,
"मडकं घेताना बघतेस ना?"
आणि चहा ठेवायला आत गेल्या.

सोमवारी मी तुकडे माझ्या काट्यावर ठेवून पाहिले.
तो पाच किलोच्या खाली बोलतच नाही.
शून्य.

दस्तगीरच्या तराजूत एक किलो पाचशे वीस.
भंगाराचा भाव बेचाळीस. त्यानं चौसष्ट रुपये हातावर ठेवले.
"बाकीचं कुठं गेलं?" मी विचारलं.
सवयीनं विचारलं; फरक दिसला की मी विचारतेच.
"घट," तो म्हणाला. "खपल्या भट्टीपाशी झडल्या असतील,
थोडं सहाणेवर गेलं, थोडं धुरात."
वहीत मी लिहिलं:
दोनशे वीस ग्रॅम. शिकवणी.

मग दुसरा पाटा निवडला,
सुतळीनं आडव्या बांबूला टांगला
आणि बोटाच्या पेरानं वाजवला.
तेवढ्यात बेळगावकडची गाडी धडधडत आली,
काही ऐकू येईना.
दस्तगीर चौसष्ट रुपयांची नोंद करत होता.
गाडी जाईपर्यंत थांबले.
पुन्हा वाजवला.