प्रश्न क्रमांक तीन

लेंगऱ्याच्या उपकेंद्रात बाकापाशी
अंजिराक्का चप्पल काढून बसली.
फॉर्मवर पंधरा प्रश्न, हो किंवा नाही,
पुण्यात कुणीतरी शुद्धलेखन तपासलेले.

‘आयुष्य रिकामं वाटतं का?’
‘रिकामं कशानं? दोन म्हशी हायत,
कोइमतूरला गलाईवर दोघं ल्योक.’
मी ‘नाही’वर खूण केली.

‘उदास वाटतं?’
तिनं पदर सावरला. ‘उदास म्हंजी
ते बैरागी असत्यात, तसं?’
पुन्हा ‘नाही’.

बेरीज दोन. कागदाच्या मते ठणठणीत.
पेनाला टोपण लावता लावता सहज विचारलं,
जेवलात का.

‘भाकरी कुणासाठी थापायची, बाई.
घास नुसता तोंडात फिरतो.
दिवेलागणीला जीव खालवर होतो,
धार काढताना म्हशीसंगं बोलत बसते.
रविवारी फोन येतो. बरी हाय म्हणते.
नातू तिकडचंच बोलतो,
मी नुसतं हं हं करते.’

रकाने दोनच होते.

तिसरा प्रश्न खोडला. समासात लिहिलं:
दिवेलागणीला जीव कसा होतो?
घास गोड लागतो का?
‘उदास’वर काट, शेजारी ‘करमत नाही’.
पुण्याला पटेल न पटेल.

अंजिराक्का कागदाकडं बघत होती.
‘माझं काय चुकलं का त्यात?’
‘कागदाचं चुकलं,’ म्हटलं.

धारेची वेळ झाली म्हणून उठली,
उंबऱ्यावरनं माघारी वळली,
‘तुला करमतं का गं हिथं?’

बाहेर एसटीनं हॉर्न दिला.
मी टोपण शोधत राहिले.