ग्राहकाचे नाव

सहा वर्षं झाली, बिल त्यांच्याच नावानं यायचं.
श्री. दामोधर पुंडलिक हेडाऊ, मानेवाडा.
फाटकाच्या जाळीत खोचलेलं.
मी ते काढून आणायची,
ड्यूटीवरून आल्यावर त्यांच्या हातातला डबा घ्यायची तसं.

कोराडीला होते. कोळशाच्या पट्ट्यावर, एकतीस वर्षं.
लग्नातला सोडला तर पांढरा सदरा कधी अंगाला लागला नाही.
कितीही घासा, बादलीच्या तळाशी काळा गाळ बसायचाच.
"जे जळलं त्याची लाइट झाली," ते म्हणायचे,
"जे उरलं ते तू धुऊन रायली."

मार्चात फैजान आला, हंसापुरीचा, टेप घेऊन.
छत मोजलं. शेजारच्या आंब्याच्या सावलीला नाक मुरडलं.
"तीन किलोवॅट आरामात बसते, काकू.
एक लाख नव्वद. त्यातले अठ्ठ्याहत्तर हजार सरकार वापस देते,
बाकी बँक. हप्ता तुमच्या बिलाहून कमी."
वापस म्हणजे कधी?
"मीटर लागलं का महिन्याभरात."
आणि नाही आले तर?
तो नुसता हसला, आणि कागद मागितले.

मग म्हणाला,
"बिलावरचं नाव आन् खात्यावरचं नाव सेम लागते."

खातं माझं. बिल त्यांचं.
त्यात आधारवर मी पंचफुला, पासबुकात फुलाबाई,
माहेरी नुसती फुले,
आणि त्यांच्या हाकेत नावच नव्हतं,
फाटकातूनच म्हणायचे, "आलो बरं."

एप्रिल तसाच गेला. फैजानचे फोन मी उचलले नाहीत.
मे आला. शेहेचाळीस.
कूलर दिवसरात्र घरघरला, चार हजार शंभरचं बिल आलं
श्री. दामोधर पुंडलिक हेडाऊ यांना,
ज्यांनी अख्खा उन्हाळा
एक पंखाही लावला नव्हता.

महावितरणच्या खिडकीत मृत्यूचा दाखला दिला,
पोराची ना-हरकत दिली, पुण्याहून आलेली.
अर्जावर एक रकाना होता: जुन्या ग्राहकाची सही.
बाबूनं न विचारता तिथं लिहिलं, मयत.
"म्हणजे जुनं नाव काढायचं."
काढायचं नाही, मी म्हटलं. माझं घालायचं.
"एकच असते ते, मॅडम."

जुलैत पाट्या चढल्या. माझी कुरोड्यांची जागा गेली.
आता पुढच्या उन्हाळ्यात कुरोड्या पाट्यांच्या खाली घालीन,
सुकतील, पण तशा कडक नाही होणार,
हे मी फैजानला ऐकवलंच.

ऊन म्हणजे आमच्याकडे शिवी.
डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा,
आणि बारा ते चार रस्त्यावर फक्त कुत्री.
आता सकाळी चहा घेऊन वर जाते,
पूर्वेकडे बघून विचारते, आला का कामावर?
पहिल्या पाळीचा माणूस. उशीर नाही, रजा नाही.
ढग असले की मात्र मस्टरवर अर्धी हजेरी.

पैसे एकेचाळिसाव्या दिवशी आले.
गिरणीवर होते, दळणाच्या रांगेत.
मोबाइल कुणाला दाखवावा कळेना.
गिरणीवाल्याला दाखवला. तो म्हणाला, "चष्मा घरी राहिला, काकू."

मग नवं बिल आलं, त्याच जाळीत.
पंचफुला दामोधर हेडाऊ.
किती वेळ फाटकातच उभी होते.
श्री. तेवढा गेला.
ते नाही गेले, नुसते मधे सरकले,
सदऱ्याच्या आतल्या खिशासारखे.

आयात दोनशे बारा, निर्यात दोनशे चाळीस.
माझ्या छतावरून अठ्ठावीस युनिट जास्तीचे गेले
तारेतून, कुठं ते माहीत नाही.
फैजान म्हणतो, आता तुम्हीच पॉवर स्टेशन.

असेल. पण रात्री पंखा लावते
तेव्हा तो कोळशावरच फिरतो, मला ठाऊक आहे.
उत्तरेकडे धुराड्यांचे लाल दिवे दिसत नाहीत इथून, तरी जळतात.
कुठल्यातरी मोरीत कुणीतरी आत्ता
सदरा पिळते आहे,
आणि बादलीत गाळ
हळूहळू खाली बसतो आहे.