त्रेचाळिसावा दिवस

अँटवर्पला आमच्या स्वयंपाकघरात
शुक्रवारी सकाळी बायका प्रश्न घेऊन यायच्या.
दुधाचा चमचा मटणाच्या रश्श्यात पडला, आता काय?
कोंबडीच्या जठरात सुई निघाली, आता काय?
वडील बाह्या सारून जठर उलटं करायचे,
खिडकीच्या उजेडात बोटानं चाचपायचे:
सुई आरपार गेलीय का,
बाहेरच्या बाजूला रक्ताचा ठिपका आहे का.
मग म्हणायचे, चालेल. किंवा, नाही चालायचं.
बाई गरीब असली की जरा जास्त वेळ बघायचे.

त्या हिवाळ्यात मी नऊ वर्षांची.
हिरे घासणाऱ्या लाइबिशची बायको, फ्रुमेट,
रिकाम्या हातांनी आली.
ना पातेलं, ना कोंबडी.
आईनं मला बटाटे सोलायला बसवलं,
म्हणजे ऐकू नकोस.
मी ऐकलं.

तिला दिवस गेले होते. त्रेचाळीस.
उधारी सांगावी तसा आकडा सांगितला तिनं.
मागच्या बाळंतपणानंतर आठ महिने
ती कालव्यापलीकडच्या इस्पितळात होती,
जिथल्या खिडक्यांना मुठी नसतात.
"मूल नकोय असं नाही, रब्बाय.
पण या वेळी मी परत येणार नाही."
एवढंच. रडली नाही.
हातमोजेसुद्धा काढले नव्हते.

लोक म्हणतात, बाई दोन जिवांची.
आमचा कायदा तिथंच बसकण मारतो, विचारतो:
दुसरा कधीपासून मोजायचा?
चाळीस दिवसांपर्यंत नुसतं पाणी, असं जुनी माणसं सांगतात.
पुढे आईच्याच अंगाचा भाग, तिच्या मांडीसारखा.
डोकं बाहेर आलं की मात्र तो तो आणि ती ती,
एकासाठी दुसऱ्याला हात लावायचा नाही.
त्याआधी पोटातलंच तिच्या जिवावर उठलं
तर आधी आई. यावर वाद नाही.
वाद आहे तो 'जिवावर' या शब्दावर.

रात्री बुक्सबाउम येऊन गेले, वडिलांहून वयानं मोठे.
मन दुखणं म्हणजे मरणं नव्हे, म्हणाले,
आणि आतलं ते उगाच मोडायचं नाही,
पाणी असलं तरी, मांडी असली तरी.
आपण उरलोच किती,
हे त्यांना बोलावं लागलं नाही.
चहा तसाच राहिला.

वडील पुस्तकं मिटून बसले.
"कोंबडीतली सुई मला दिसते. हिच्यातली कशी बघू?"
आई पिसं उपटत होती.
मान वर न करता म्हणाली,
"सुई दिसायला आधी कोंबडी मरावी लागते."

बराच वेळ फक्त शेगडीचा आवाज.

सकाळी तिला बोलावलं नाही. स्वतः गेले,
गारठलेल्या चिखलातून, गोलोश न घालता.
कागदावर काही दिलं नाही:
जिला हवं तिनं आपलं तोंड घेऊन यावं,
दुसरीचं उत्तर उसनं नेऊ नये.
तिच्या दारात एकच शब्द बोलले.
आमच्यात परवानगीला जो शब्द आहे
त्याचा अर्थ गाठ सोडलेली. मोकळी.
बाळंतिणीलाही लोक तेच म्हणतात, मोकळी झाली.
फ्रुमेटनं त्यातलं कोणतं ऐकलं, कोण जाणे.

सरकारचा कायदा वेगळा होता, त्याला यातलं काही मान्य नव्हतं.
कुठल्या डॉक्टरनं कुठलं मागचं दार उघडलं
ते मला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.
वल्हांडणाच्या आधी ती आली, हातात तवा.
हा चालेल का? चालेल.
दोघंही तव्याकडेच बघत होते.

वडिलांना खात राहिला तो आकडा.
चाळिसाव्या दिवशी आली असती
तर बुक्सबाउमही एवढे अडले नसते.
मग आई म्हणाली, तीन दिवस
ती कोपऱ्यावरच्या पाववाल्यापर्यंत येऊन
परत जात होती. मी बघत होते वरून.

वडील काही बोलले नाहीत.
पाना घेतला आणि दाराची स्प्रिंग काढून टाकली.
त्यानंतर आमचं दार कधी नीट लागलं नाही.
फेब्रुवारीत जिन्यातला वारा थेट सुपावर यायचा.
आई कोळशाच्या हिशेबावरून कुरकुरायची,
पण उठून दार ढकललं असं
मी तिला कधी पाहिलं नाही.