बाहेरची रेघ

अमळनेरला, वाचनालयाच्या माडीवर
पंखा बंद ठेवून काम करतो आम्ही.
एप्रिलात पारा पंचेचाळीसला टेकला तरी बंदच.
पन्नास वर्षांचा इनलँड
एकदा घडीवर तुटला की तुटलाच.

मंदाकिनी बैसाणे बिस्किटांचा डबा घेऊन आल्या.
डब्यात बापाची पत्रं, उधन्याहून आलेली,
आणि इथून गेलेलीही, तो वारला तेव्हा
त्याच्या लोखंडी पेटीतून परत आलेली.
दोन्ही बाजू एकत्र सापडणं दुर्मीळ, मी म्हणालो.
त्या म्हणाल्या, पंखा लावा ना भाऊ.

मऊ ब्रशने धूळ झटकली. टाचण्या काढल्या,
गंजाचे ठिपके राहिले.
कसरीने खाल्लेला एक कावळा, घरापेक्षा मोठा,
जिनिंगच्या पावतीमागे.
एक बैल, पाच पायांचा; पाचवी शेपूट असावी.
एक आगगाडी, तिच्या प्रत्येक खिडकीत
तोच मिशीवाला माणूस.
नोंदवहीत लिहीत गेलो, शिसपेन्सिलने,
शाई इथे चालत नाही:
चित्र, बालकृत, सन अंदाजे.

मग तो इनलँड.
हिलाल दगा बैसाणे, लूम खातं, उधना.
आईला लिहिता येत नव्हतं, अक्षर गल्लीतल्या शिंप्याचं:
विनंती विशेष, येथील सर्व खुशाल,
आणि मजकुराच्या मधोमध, तिरपा,
मुलीचा डावा पाय.
बुटांचं माप.
अंगठ्याशी पेन्सिल थरथरलेली, गुदगुल्या झाल्या असणार.
ओळी पायाला वळसा घालून पुढे गेलेल्या,
खुशाली टाचेखालून सुरू होऊन
करंगळीजवळ संपलेली.

त्या रेघेबाहेर आणखी एक रेघ होती,
निळ्या बॉलपेनची, अर्धं बोट लांब.
मी लिहिलं: हात घसरला.

"आतली मन्ही," त्या म्हणाल्या, "भायेरली बापनी."
दुकानात जायच्या आधी त्याने
गुडघ्यावर कागद धरून, सुटीला किती महिने उरले
ते मोजून ओढलेली.
"दिवाळीलोंग पाय वाढी जाई, म्हणीसन."

मी खोडरबर घेतलं. पुसलं.
तिथे काय लिहायचं, अजून ठरलेलं नाही.

बसले का पण बूट?
"पहिला महिना कापूस कोंबीसन."
त्या हसल्या, पदराने मान पुसली.
एक बूट पुढे बोरीच्या पात्रात, जत्रेत हरपला.
सहीसाठी दिलेला फॉर्म त्यांनी दोनदा वाचला,
डब्याचं झाकण लावता लावता थांबल्या.
"दुसरा शे आजून घरमा.
तुम्ही बूट ठेवतस का?"

आमच्या नियमांत कागद आहे, कापड आहे, काचेवरचे फोटो आहेत.
चामडं कुठेच नाही.
मी पट्टी काढली
आणि खालच्या कप्प्याची खोली मोजायला बसलो.